दोन राजवटींच्या मधले गाव

बंगळुरूत १७ सप्टेंबर हा दिवस इतर कोणत्याही दिवसासारखा उगवतो आणि मावळतो. सचिवालयात फाइली फिरतात, शाळा भरतात. त्याच दिवशी, इथून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर असलेल्या कलबुर्गीत ध्वजारोहण होते. बीदरची सीमा ओलांडली की पलीकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होत असतो. यशवंतपूरहून बीदरकडे जाणाऱ्या गाडीत सणासुदीला जी मराठी कुटुंबे भेटतात, त्यांतील बहुतेकांची मुळे भालकी, बसवकल्याण, औराद, उदगीर, निलंगा किंवा लातूर इथली असतात. या शहरात जन्मलेल्या त्यांच्या मुलांना फाळणी म्हटले की अमृतसर, लाहोर आणि प्रेतांनी भरलेल्या आगगाड्या आठवतात, कारण पाठ्यपुस्तकांत आणि चित्रपटांत तेच आहे. फाळणीच्या काळातील हिंसेचा एक फाटा त्यांच्या आजोबांच्या गावातून गेला होता, हे त्यांना सहसा ठाऊक नसते. आजोबांनी ते सांगितलेले नसते, हेही तितकेच खरे.

प्रशासनात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला या विषयाकडे एका विशिष्ट बाजूने पाहण्याची सवय लागते. कोणी कोणाला मारले, या प्रश्नाच्या आधी तो विचारतो की त्या दिवशी त्या गावात सरकार कोण होते. हैदराबाद संस्थानातील गावांबाबत या प्रश्नाचे उत्तर फार अवघड आहे, आणि माझ्या मते तिथे पुढे जे घडले त्याचे बरेचसे मर्म त्या अवघडपणातच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख. राजा मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू, आणि वरच्या कारभाराची भाषा उर्दू. १९४७ च्या जूनमध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मानस जाहीर केला, २९ नोव्हेंबरला भारत सरकारशी जैसे थे करार झाला, आणि पुढचे दहा महिने संस्थान दोन्ही बाजूंनी उसवत गेले. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटना सरकारला न जुमानता सशस्त्र झाली. मे १९४८ मध्ये आजच्या बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावावर रझाकारांनी हल्ला केला आणि मोठ्या संख्येने माणसे मारली. सांगितला जाणारा आकडा दोनशेच्या घरात आहे. गावोगाव खंडण्या, जाळपोळ, बायकांवरील अत्याचार हे नित्याचे झाले. या राजवटीला विरोध करणाऱ्या मुसलमानांचीही गय झाली नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात खून झाला, तो त्यांच्या लेखणीमुळेच.

दुसऱ्या बाजूने स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह चालू होता. पाटील आणि पटवारी यांनी राजीनामे द्यावेत असे आवाहन करण्यात आले होते. शिंदीची झाडे तोडली जात होती, लेव्हीचे धान्य देण्यास नकार दिला जात होता, काही ठिकाणी गावची दप्तरे जाळली जात होती. सीमेपलीकडे, सोलापूरच्या बाजूला, कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली होती आणि तिथून करोडगिरीच्या नाक्यांवर व पोलीस चौक्यांवर हल्ले होत होते. अन्यायी राजवटीविरुद्धचा हा लढा न्याय्य होता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु प्रशासकीय दृष्टीने त्याचा एक परिणाम असा झाला की सप्टेंबर उजाडण्याच्या आधीच खेड्यातील सरकार नाहीसे झाले होते. पटवारी तालुक्याला पळालेला, पोलीस पाटील घरात दडलेला, चौकीतले शिपाई ठाण्याला परतलेले. उरले ते ज्याच्या हातात बंदूक तो.

त्या काळात उस्मानाबादला मोहंमद हैदर नावाचे तरुण कलेक्टर होते. हैदराबाद मुलकी सेवेतील हा अधिकारी १९४८ च्या जानेवारीत तिथे रुजू झाला. त्यांच्या इंग्रजी आठवणी ‘ऑक्टोबर कू’ या नावाने २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ज्यांना जिल्हा प्रशासनाविषयी आस्था आहे त्यांनी त्या अवश्य वाचाव्यात. एका बाजूने सीमेवरून होणारे हल्ले, दुसऱ्या बाजूने आपल्याच राजधानीने मोकाट सोडलेले रझाकार, आणि मध्ये हुकूम काढूनही तो कोणी मानेल याची शाश्वती नसलेला कलेक्टर, असे ते चित्र आहे. संस्थान पडल्यावर त्यांना अटक झाली आणि खटल्याला तोंड द्यावे लागले. पुस्तकात स्वतःची बाजू मांडण्याचा हेतू आहेच, आणि वाचकाने तो ध्यानात ठेवूनच वाचावे. तरीही जिल्हाधिकाऱ्याची खुर्ची जागच्या जागी असताना तिच्याखालचा जिल्हा कसा निघून जातो, याचे इतके जवळून केलेले वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादच्या रस्त्याने गेली. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला त्यांचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. अधिकृत भाषेत ही ‘पोलीस कारवाई’ होती. गावाकडे आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. लष्करी दृष्टीने पाच दिवसांत संपलेली ही मोहीम अत्यंत यशस्वी ठरली. पण फौज जाते ती रस्त्याने, आणि रस्त्याच्या दोहो बाजूंना दहा-वीस कोसांवर असलेल्या गावांत त्या दिवशी जुने सरकार उरले नव्हते आणि नवे पोचले नव्हते. त्या पोकळीत जे घडले ते आपल्याला मुख्यतः एका अहवालामुळे कळते.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे पंडित नेहरूंच्या सूचनेवरून हैदराबादला गेले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरून साक्षी घेतल्या. ज्या १०९ गावांना जाता आले नाही तिथल्या पाचशेहून अधिक माणसांशीही ते बोलले. त्यांच्या अंदाजानुसार पोलीस कारवाईच्या वेळी आणि त्यानंतर संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुतांश मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. त्या चारांतच किमान १८ हजार. खुद्द रझवींच्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालली. दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमान वस्तीपैकी या मंडळींना तिथे जेमतेम तीन हजार भेटले. हजारावर मारले गेले होते आणि बाकीचे परागंदा झाले होते. प्रेतांनी भरलेल्या विहिरी त्यांनी स्वतः पाहिल्या. काही ठिकाणी सैनिकांनी व पोलिसांनी लुटीत आणि हत्यांत भाग घेतल्याचे त्यांनी नमूद केले, आणि इतर ठिकाणी लष्करी अधिकाऱ्यांनी निष्ठेने संरक्षण दिल्याचेही नमूद केले. सीमेपलीकडून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचा उल्लेख त्यात आहे.

त्याच अहवालातील एक नोंद मला वारंवार आठवते. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. धर्माच्या नात्यापेक्षा मागाचे नाते तिथे बळकट ठरले. एकाच व्यापाऱ्याकडून सूत उचलणारी, एकाच बाजारात कापड विकणारी ही माणसे होती. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना घरी पोचवण्यातही अनेक हिंदूंनी मदत केली. सरकार नसलेल्या गावात माणसाला वाचवणारे असे काही उरले होते. जिथे ते नव्हते, तिथे जमाव होता.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सरदार पटेलांना ते पथकच मान्य नव्हते. रझाकारांच्या अत्याचारांकडे त्यात डोळेझाक झाली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही. गोरट्याच्या माणसाने हा अहवाल वाचला असता तर त्यालाही तसेच वाटले असते. परंतु एकांगी वाटणाऱ्या अहवालावर उपाय म्हणजे दुसरी, अधिक पूर्ण चौकशी. अहवाल कपाटात ठेवल्याने आकडे खोटे ठरत नाहीत, ते केवळ अनिर्णित राहतात. आज २७ हजार की ४० हजार की त्याहून कमी, यावर वाद होतो त्याचे कारण हेच आहे की गाववार यादी कधी झालीच नाही. पुढे अभ्यासकांनी दिल्लीतील संग्रहांतून तो मिळवला, ए. जी. नूरानी यांनी त्याचे भाग छापले आणि २०१३ नंतर वृत्तपत्रांतून त्याची चर्चा झाली. तोवर पाहणारे डोळे बहुतेक मिटले होते.

मी बीदर जिल्ह्यात उपविभागीय अधिकारी होतो तो काळ १९८० च्या दशकाच्या अखेरचा. एका गावातून पन्नाशीची एक बाई अर्ज घेऊन आली. जातीने पिंजारी, कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे हे कुटुंब. तिला वडिलांच्या मृत्यूचा दाखला हवा होता. घराच्या जागेवर वारसाची नोंद व्हायची तर दाखला लागतो, असे तिला कुठल्याशा कार्यालयात सांगण्यात आले होते, आणि दाखला मागायला गेली तर मृत्यूची नोंदच नव्हती. वडील १९४८ मध्ये गेले होते. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नसे, आणि आदेशासाठी चौकशी लागे. ती माझ्याकडे आली. गावात गेलो तेव्हा पारावर बरीच माणसे जमली. कोणीही काही बोलेना. अखेर एक वयोवृद्ध लिंगायत पाटील उठले. त्यांनी सांगितले की हिच्या बापाला मी ओळखत होतो, माझ्या घरच्या गाद्या तोच भरायचा. तो रझाकारांत कधी नव्हता. त्याला आणि त्याच्या भावाला ॲक्शनमध्ये मारले. कोणी मारले ते मात्र त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही, कारण चौकशीचा विषय तो नव्हता. मग थोड्या वेळाने, कोणी न विचारता, ते म्हणाले, “माझा थोरला भाऊ रझाकारीत गेला. उन्हाळ्यात. हिचा बाप त्याच पावसाळ्यात.” ती बाई त्यांना काका म्हणत होती.

ते दोन शब्द मला त्या दिवशी प्रथमच एकत्र ऐकू आले. त्या गावात, आणि नंतर पाहिलेल्या इतर अनेक गावांत, एका घरात ‘रझाकारीत’ म्हणत आणि दुसऱ्या घरात ‘ॲक्शनमध्ये’. दोहोंच्या मध्ये चार महिन्यांचे अंतर आहे. निजामाच्या महसुली हिशेबाप्रमाणे दोन्ही गोष्टी एकाच फसली सालात, १३५७ मध्ये, मोडतात. तलाठ्याच्या जुन्या पुस्तकात ते एकच पान असायला हवे होते. पण ‘रझाकारी’ हा शब्द पुढे शासनाने उचलला. त्यावर गॅझेटियर लिहिली गेली, स्मारके झाली, सीमेवरील शिबिरांत गेलेल्यांना स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. ‘ॲक्शनमध्ये’ मेलेल्या माणसासाठी मात्र कोणताही रकाना निघाला नाही.

अहवाल लिहिताना हे प्रत्यक्षात जाणवले. नमुन्यात मृत्यूचे कारण लिहायचे होते. माझ्या शिरस्तेदाराने प्रामाणिकपणे सुचवले की ‘दंगल’ लिहिले तर त्या वर्षाचा दंगलीचा गुन्हा क्रमांक विचारतील, आणि असा गुन्हा ठाण्याच्या दप्तरात नाही. ‘आकस्मिक’ लिहिले तर कोणी काही विचारणार नाही. मी पाटलांचा जबाब त्यांच्याच शब्दांत जोडला आणि कारणाच्या जागी ‘जबाब पाहावा’ असे लिहिले. आदेश झाला, दाखला मिळाला. महिना-तारीख अंदाजे.

तिच्या बापाचे चार एकर शेतही होते. त्याविषयी तिने काही मागितले नाही. आई पोरांना घेऊन हैदराबादला पळाली, दोन-तीन वर्षांनी परतली तेव्हा शेत दुसरा कसत होता. त्याच्या विरोधात दावा लावायचा तर ताब्याच्या दाव्यासाठी मुदतीच्या कायद्यात बारा वर्षे मिळत. म्हणजे ढोबळ मानाने १९६० पर्यंत. ज्या विधवेच्या नवऱ्याला त्याच गावात मारले गेले, तिने त्याच गावातील माणसावर, तिथल्याच साक्षीदारांच्या भरवशावर, तालुक्याच्या कोर्टात दावा लावावा, अशी कायद्याची अपेक्षा होती. बारा वर्षे गप्प बसलेल्या माणसाचा हक्क संपतो, हे तत्त्व शांततेच्या काळात वाजवी आहे. माणूस का गप्प बसला, हे विचारण्याची सोय त्यात नाही. पहाणीपत्रकात कब्जेदार म्हणून जे नाव चढले ते वर्षानुवर्षे पुढे चालत राहिले. २००० च्या सुमारास कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पाखाली सुमारे दोन कोटी भूमी अभिलेख संगणकावर आणले, आणि तो देशातील उत्तम प्रकल्पांपैकी एक होता यात शंका नाही. त्याने तेव्हा असलेली नावे टिपली. ती नावे कशी आली हे टिपणे त्याचे काम नव्हते.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे झाले. बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात आले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही तिकडे गेले. तेलंगण आंध्रात. १९४८ च्या हिंसेचा सलग प्रदेश अशा रीतीने तीन राज्यांत आणि तीन भाषांत विभागला. तालुक्याची जुनी कागदपत्रे उर्दूत, गावपातळीवरची बरीचशी मोडीत, आणि ती सांभाळणारे कर्मचारी कन्नड किंवा देवनागरी मराठी वाचणारे. माझ्या वेळी अभिलेख कक्षात लाल कापडाचे रुमाल ओळीने रचलेले असत. ते उघडायचे तर गावातल्या एखाद्या निवृत्त उर्दू शिक्षकाला बोलवावे लागे. कागद नष्ट न करताही कागद मुका करता येतो, हे भाषावार प्रांतरचनेच्या गुणवर्णनात सहसा येत नाही. (मी स्वतः त्या रचनेचा समर्थक आहे, हे सांगून ठेवतो, नाहीतर बेळगावचे वाचक रागावतील.)

बंगळुरूत बसून या सगळ्याचा विचार करताना म्हैसूर संस्थानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेही संस्थान, तिथेही राजा, तिथेही १९४७ च्या सप्टेंबरात जबाबदार राज्यपद्धतीसाठी ‘म्हैसूर चलो’ आंदोलन झाले, माणसे तुरुंगात गेली, गोळीबार झाला. परंतु २५ ऑक्टोबर १९४७ रोजी के. सी. रेड्डी यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि महाराजांचे दिवाण, अमलदार, शानभोग, पटेल हे सर्व जागच्या जागी राहिले. सोमवारी कचेरी बंद झाली ती मंगळवारी उघडली. म्हैसुरातील माणसे स्वभावतः अधिक सात्त्विक होती, असे माझे इथले मित्र गमतीने सांगतात. मला ते पटत नाही. भालकीचा माणूस मंड्याच्या माणसाहून निराळा नव्हता. मंड्यात शानभोग पळाला नव्हता, एवढेच.

कासीम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानला गेले. त्यांच्या मागे लातुरात राहिलेल्या मुसलमानांनी त्यांच्या नावाची किंमत आधीच चुकती केली होती. २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचे नाव कल्याण कर्नाटक झाले, गोरट्यात २०२३ मध्ये हुतात्मा स्मारक उभे राहिले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. गोरट्याचे स्मारक योग्यच आहे, मी तिथे गेल्यावर डोके टेकले. त्या परिसरातील ज्या विहिरींविषयी सुंदरलाल लिहून गेले, त्यांपैकी कितींना आज पाणी आहे, याची मात्र माहिती कोणत्याही पाटबंधारे खात्याकडे मिळणार नाही.

या वाचकांतील ज्यांचे आजोळ त्या पट्ट्यात आहे, त्यांनी पुढच्या खेपेस गावी गेल्यावर घरातल्या नव्वदीच्या माणसाला विचारून पाहावे की त्या वर्षी गावात पोलीस पाटील कोण होता आणि तो कोणत्या महिन्यात घर सोडून गेला. हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, म्हणून त्याचे उत्तर मिळते. मला अशी अकरा गावांची उत्तरे मिळाली आहेत, आणि त्यांतील नऊ गावांत बोलणारा माणूस पाटलाच्या नावानंतर स्वतःहून पुढे बोलत राहिला.